बंडीचा आतला खिसा

आबा, काल दुकानात एक माणूस आला, त्याच्यामुळे हे लिहायला बसले. भूगावात माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज, परकर, पँट आखूड करणं, चेन बसवणं, असली कामं. तुम्ही गेलात तेव्हा तिथं भाताची खाचरं होती, आता समोर सात मजली इमारत आहे आणि माझ्या दुकानात दुपारपर्यंत तिची सावली असते. तो माणूस प्लॉटचे व्यवहार करतो. बोलायला नम्र. त्यानं एक जाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मावशी, आतून एक खिसा करून द्या. वस्तू ठेवायचीय. भाईरनं दिसली न्हाई पायजे." केवढी वस्तू, म्हणून विचारलं तर त्यानं ती काढून मशीनच्या फळीवर ठेवली. मी हात लावला नाही. मग त्यानं ती जाकिटाच्या जुन्या खिशात घातली, आरशापुढं उभा राहिला, एकदा इकडून एकदा तिकडून वळला आणि मला म्हणाला, "दिसतंय का?" मी म्हटलं, उद्या या. तो गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि बसून राहिले. रडू वगैरे आलं नाही.

तुम्हीही हेच विचारायचात. रोज सकाळी न्याहारी झाली की पटका बांधायचा, बंडी चढवायची, ओसरीच्या पायरीवर उभं राहायचं आणि हळूच म्हणायचं, "दिसतंय का गं?" मी म्हणायची, "न्हाई." मग तुम्ही जायचात. दोन वर्षं रोज. आजारी असले तरी अंथरुणातून मान वळवून मी सांगायची.

ते दारूबंदीचे दिवस होते. आपल्या गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याकडेला, एकाची हातभट्टी होती. गावाला ठाऊक होतं, तुम्हालाही होतं, आणि तुम्ही पोलीसपाटील असून बरेच दिवस कानाडोळा केलात. ती दारू पिऊन दोन माणसं आंधळी झाली तेव्हा मात्र तुम्ही पौडाला ठाण्यात जाऊन कळवलंत. भट्टी फोडली, तो माणूस आत गेला. सुटून आल्यावर पौडाच्या बाजारात त्यानं आपल्या गड्याच्या तोंडी निरोप धाडला, "पाटलाला म्हनावं, ओढ्याची वाट एकच हाय. कवातरी गाठ पडंलच." तुम्ही ऐकलंत, तंबाखू मळलीत आणि बैलांना पाणी पाजायला गेलात. आईला वाटलं तुम्हाला काहीच वाटलं नाही. पण महिन्याभरानं तुम्ही कलेक्टर कचेरीत अर्ज केला होता, ते आम्हाला हत्याराचा परवाना हातात आल्यावरच कळलं.

गावात मात्र कळता कामा नये होतं. "पाटील भ्याला असं एकदा कुनी म्हनलं की पाटीलकी संपली," तुम्ही आईला म्हणालात. "झाकली मूठ सव्वा लाखाची." म्हणून पुण्याला जायला माझा कान दुखायला लागला. मी तेरा वर्षांची होते, कान ठणठणीत होता. तुम्ही माझ्या कानात कापसाचा बोळा घातलात आणि चावडीवर सांगितलंत की पोरीला डॉक्टरला दाखवायला नेतोय. परत आल्यावर आठ दिवस तो बोळा ठेवायचा, असंही बजावलंत. शेजारची काकू मला लसणाचं तेल घेऊन आली होती. ते मी मुकाट्यानं घालून घेतलं.

पुण्याच्या लष्कर भागातलं ते दुकान मला अजून दिसतं. काचेच्या कपाटात बंदुका उभ्या, कोपऱ्यात उंच आरसा, तेलाचा वास, आणि पांढऱ्या टोपीतला म्हातारा दुकानदार. त्यानं परवाना नीट वाचला, मग तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाटील, लावणार कुठं? हे सगळं पँटवाल्यांसाठी बनतं. पट्टा पाहिजे, कोट पाहिजे. धोतरावर पिस्तूल बसत नाही." तुम्ही म्हणालात, कंबरेला खोचू. त्यानं एक रिकामं रिव्हॉल्वर दिलं, तुम्ही धोतराच्या निरीपाशी खोचलंत, त्याच्या सांगण्यावरून खुर्चीवर बसलात आणि उठलात. ते धोतरातून घसरून दाणकन फरशीवर पडलं. म्हातारा हसला नाही. उचलून फडक्यानं पुसलं आणि जागेवर ठेवलं. अशी बरीच धोतरं त्यानं पाहिली असावीत.

मग निवडायला दोन हत्यारं उरली. एक तेच बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर, पोटाशी चक्री असलेलं, जाताना कुणी गोरा साहेब विकून गेलेला. दुसरं पंचवीस बोअरचं पिस्तूल, तळहाताएवढं, चपटं, बेल्जियमचं. म्हाताऱ्यानं दोन्ही तुमच्या हातात देऊन पाहिली. नांगर धरून तुमची बोटं जाड झालेली. लहान पिस्तुलाच्या घोड्याच्या कडीत बोट घालताना ते अडकलं, दोनदा. तो म्हणाला, "मोठं घ्या. खांद्यावरून पट्टा देतो, उघड लावा. दिसलं की निम्मं काम झालं, चालवायची वेळच येत नाही. हे लहान फक्त लपवायला चांगलं. माणूस अंगाशी आला तरच कामाचं, आणि अंगाशी आल्यावर काढायला सवड कोण देतो?" तुम्ही ऐकून घेतलंत. मला वाटलं, आता मोठंच घेणार. पण तुम्ही लहान उचललंत, बंडीच्या आतल्या खिशात घातलंत, आरशापुढं उभे राहिलात आणि मला विचारलंत, "दिसतंय का?"

बंडी डाव्या अंगाला बोटभर खाली आली होती, आबा. आत एक कोपरा मांजरपाटाला टोचत होता. मला आईबरोबर वाकळा शिवायची सवय होती, कापडाला कुठं ओढ बसलीय ते मला चटकन कळायचं. मी पाहिलं. आणि म्हटलं, "न्हाई." कारण तुम्ही येताना कबूल केलं होतं की काम लवकर उरकलं तर मला कातरी घेऊन देऊ. एस.टी.ची वेळ होत आली होती आणि ते रिव्हॉल्वर पुन्हा काढलं असतं तर आणखी तासभर गेला असता. तेवढंच कारण, दुसरं काही नाही. कातरी मिळाली. लोखंडी, काळ्या मुठीची. "कुनाला सांगायचं न्हाई," असं म्हणून तुम्ही ती माझ्या हातात दिलीत. तिला इतक्यांदा धार लावली की पाती अरुंद झाली, पण कापते अजून.

शिंप्याला सांगायची सोय नव्हती, म्हणून बंडीला नवा खिसा मीच शिवला. दुहेरी कापडाचा, तोंड तिरकं, म्हणजे उजवा हात सरळ आत जावा. तुम्ही हात घालून पाहिलात, म्हणालात, "लई झ्याक." तुमच्या तोंडून तेवढं कौतुक मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही. बंडी लोंबायची ती लोंबतच राहिली. मी आतून एक अस्तर लावलं, तर डावीकडे फुगवटा आला. ते उसवलं. आता मला ते दहा मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या अंगाच्या दुमडीत तेवढंच वजन शिवायचं, कापड सारखं पडतं. तेव्हा ते सुचलं नाही असंही नाही. सुचलं होतं. पण त्यासाठी आधी सांगावं लागलं असतं की दिसतंय. एकदा न्हाई म्हटलं की दुसऱ्या दिवशी व्हय कसं म्हणायचं? मग तिसऱ्या दिवशी तर आणखीच अवघड.

दुसऱ्या वर्षीची खंडेनवमी आली. आईनं पाट मांडला. कोयता, कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ, तुमची पाटीलकीची काठी, सगळं धुऊन पुसून ओळीनं लावलं, आणि मधोमध ते पिस्तूल ठेवलं. झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं. तुम्ही आंघोळीहून आलात आणि जागच्या जागी थांबलात.

"हे कशाला काढलंस?"

"हत्यार हाय न्हवं? मग पुजायला नको? वरीसभर तुमच्या छातीपाशी ऱ्हातंय, एक दीस देवापाशी ऱ्हाऊ द्या."

"अगं, कुनी बघितलं म्हंजी?"

"देवाची पूजा काय दार लावून करायची?"

तेवढ्यात काकू फुलं मागायला आत आली. तिनं पाटाकडे पाहिलं, कुंकू लावून घेतलं, फुलं घेतली आणि गेली. तुम्ही आईला त्या दिवशी जे बोललात ते मी लिहीत नाही. धोतराच्या सोग्यानं तुम्ही पिस्तूल पुसलंत, पण मुठीवरच्या नक्षीत हळद तशीच राहिली.

दिवाळी होऊन गेली होती. तुम्ही दुपारी पौडाहून परत येत होता, ओढ्याच्या वाटेनं. गुराख्यांनी तुम्हाला घरी आणलं, तिथून बैलगाडीत, मग कुणाच्या तरी ट्रकमध्ये, पुण्याच्या दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी तुम्ही बोललात. आई उशाशी होती, मी पायाशी. तुम्ही म्हणालात, "त्याला ठावं व्हतं. कोयता मागनं काढला. आधी बंडीच्या खिशावर हात दाबला. डाव्या." मग थोडं पाणी मागितलंत. संध्याकाळी गेलात. पिस्तूल खिशातच होतं, सगळी काडतुसं आत. ते पोलिसांनी जमा करून घेतलं. बंडी आम्हाला परत दिली नाही. भट्टीवाल्याला जन्मठेप झाली, ते ऐकूनही मला काही वाटलं नाही.

आई दवाखान्यातच म्हणाली, "माज्यामुळं झालं." कुणी काही विचारलं नव्हतं. तुमचं ते वाक्य तिनं धरून ठेवलं. त्याला ठावं व्हतं. म्हणजे कुणीतरी सांगितलं, म्हणजे काकूनं पाहिलं, म्हणजे आपण पाटावर मांडलं. तिनं काकूशी बोलणं टाकलं, पण दोष काकूला दिला नाही, स्वतःलाच दिला. पुढं आपल्या घरात खंडेनवमीला कोयत्याला की विळीला कधी कुंकू लागलं नाही. त्या दिवशी ती चूलही पेटवायची नाही. आम्ही पोरं आदल्या दिवशीच्या भाकरी खायचो. मी तिच्यासमोर बसून खायची.

माझं लग्न झालं, मुलं झाली. एकदा माहेरी गेले असताना काकू पाणवठ्यावर भेटली. म्हातारी झाली होती. माझा हात धरून म्हणाली, "तुज्या आईला सांग बाई, मी कुनाला बोलले न्हवते. आन् बोलायचं काय त्यात? पाटलाच्या बंडीत काय हाय ते समद्या गावाला ठावं व्हतं. पयल्या आठवड्यापास्नं. डावं अंग लोंबायचं न्हवं का. पोरं पाठीमागं चालून दावायची. पाटलाला कोन सांगनार, म्हनून गप."

घर हाकेच्या अंतरावर होतं. आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. एवढं वाक्य तिला सांगितलं असतं की ती सुटली असती. पण तिनं मान वर करून विचारलं असतं, "मग तू रोज सकाळी काय बघत व्हतीस?" मी तिच्याशेजारी बसले आणि तांदूळ निवडायला लागले. त्यानंतर ती एकोणीस वर्षं जगली. एकोणीस खंडेनवम्या.

हा कटिंगचा खाकी कागद आहे, दुसरा हाताशी नव्हता. उद्या तो माणूस आला की मी त्याला सांगणार आहे, बाबा रे, दिसतंय, उजवीकडे वजन घालावं लागेल, नाहीतर उघडच लाव. मग याच कागदावर त्याच्या खिशाचं माप काढीन आणि कापीन. तुमच्याकडे हे कसं यायचं, तसाही काही रस्ता नाही.

दिसत होतं, आबा. लष्करातल्या आरशातच दिसलं होतं. तिकडे आई तुम्हाला भेटली असेल, तर तिच्या हळदकुंकवानं काही झालं नाही, एवढं तुम्हीच तिला सांगा. मला अजून जमत नाही.