उशीतली डबी

प्रिय आते,

तू गेल्याला आज महिना झाला. पत्र लिहून काय उपयोग, तुला वाचता तरी कुठे येत होतं! बाबांची मुंबईहून आलेली पत्रंसुद्धा मीच वाचून दाखवायची. पण आज दुपारी कापसाला ऊन द्यावं म्हणून तुझी उशी उसवली, आणि आतून ती पितळेची डबी खाली पडली. झाकणाला पोचा पडलेली, अफूची. आता तुझ्याशी बोलल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

ती डबी तू खाडीत फेकली होतीस ना गं? माझ्या डोळ्यांदेखत?

मी सोळा वर्षांची होते. मासळी निवडताना शिंगाळ्याचा काटा तुझ्या तळहातात घुसला आणि दोन दिवसांत हात कोपरापर्यंत सुजला. ताप चढला. गावच्या दवाखान्यात तेव्हा नवे डॉक्टर आले होते. त्यांनी नव्या औषधाच्या कॅप्सूल दिल्या, क्लोरँफेनिकॉलच्या. तू त्यांना ‘चकचकीत शेंगा’ म्हणालीस. मग डॉक्टरांनी विचारलं, “दुखण्यावर घरचं काही घेता का? अफूबिफू?”

तू माझ्याकडे पाहिलंस. अफूवर बंदी आलेली, आणि सरकारी दवाखान्यातला माणूस म्हणजे आपल्या लेखी फौजदाराचा सख्खा भाऊ! अशी डबी किती घरांत होती. दाढदुखीला, हगवणीला, थंडीत समुद्रावर जाणाऱ्यांना. पण बाहेर कोण कशाला बोलेल? शाळा शिकलेली मी, म्हणून मीच पुढे झाले. म्हटलं, “नाही डॉक्टर, काहीच नाही.”

घरी आल्यावर तू डबीतली मुगाएवढी गोळी घेतलीस. ठणका थांबेना म्हणून आणखी एक. मी कॅप्सूल मात्र अगदी वेळेवर देत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तू झोपलीस. काय झोपलीस! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळे उतरले, तर ओरडले नाही, नुसती काठी हलवत बसले. शेजारची पार्वतीवहिनी हाका मारत आली, तिला दारातच अडवलं. “हळू बोल, आते निजलीय.” तू मरत होतीस आते, आणि मी तुझी झोप राखत होते.

वहिनीनं मला बाजूला सारलं. तुझी पापणी उघडून पाहिली. बाहुल्या राईच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. “अगो पोरी, ही श्वास घ्यायची इसरतेय!”

चौघांनी बाजेसकट उचलून तुला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं. मी दाराकडे पाहिलं. “पोलीस येतील?” एवढंच कसंबसं बोलले.

“पोलिसांचं नंतर बघू. आधी ही जगायला हवी. बोल.”

मी सांगितलं. मग मी आणि वहिनी दोघींनी तुला धरून दवाखान्याच्या ओसरीवर फेऱ्या मारायला लावल्या, काळी कॉफी पाजली, डोळा मिटला की थंड पाण्याचा हबका. कितव्यातरी फेरीला तू पार्वतीवहिनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केलास आणि डॉक्टर खुर्चीत टेकले. “शिव्या देतेय ना? वाचली.”

कॅप्सूल बंद करून त्यांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू केली. मला समजावलं, की अफूचा निचरा यकृतातून होतो. ही कॅप्सूल त्या कामाच्या आड येत असावी, मग अफू अंगात तुंबते. पुस्तकांत अजून फारसं नाही, म्हणाले, पण विचारतो ते उगाच नाही.

आणि तू? जीव वाचवल्याचं बक्षीस म्हणून चार दिवस अबोला! घरातलं सरकारी माणसाला सांगितलं म्हणून! पाचव्या दिवशी मला खाडीवर नेलंस आणि डबी पाण्यात भिरकावलीस. “जाली ना खूश? आनी आयक. तुला इचारल्याबिगर अफूचा एक कन खानार न्हाय मी.” पुढे दोन दिवस मशेरीची डबी सापडत नाही म्हणून घर डोक्यावर घेतलंस. पाण्यात काय बुडालं ते मला आज कळतंय. लबाड कुठली!

त्या एका दिवसानं मला नर्स केलं. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन तू गावोगाव फिरलीस म्हणून शिकले, हेही खरंच. पण श्वास मोजायची सवय मला तुझ्या बाजेजवळ लागली.

यंदा तुझ्या पोटात गाठ निघाली तेव्हा मी रजा काढून आले. शेवटच्या आठवड्यात छातीत कफ भरला. तेच डॉक्टर, आता केस पिकलेले. म्हणाले, छातीला दुसरं काही लागू पडत नाही, क्लोरँफेनिकॉलच द्यावं लागेल. सोबत मॉर्फिनची इंजेक्शनं ठेवून गेले. “कॅप्सूल चालू आहे, तेव्हा मॉर्फिन निम्मंच दे, यमुना. जवळ बस, श्वास मोज. पण दे.”

मी दिलं नाही, आते.

सिरिंज उकळायची, हातात घ्यायची, आणि डोळ्यांपुढे राईचे दाणे यायचे. तीन दिवस! तू ओठ चावत होतीस. “यमू, देतेस काय गो?”

“आते, कॅप्सूल संपू देत ना.”

“बरा. तू म्हनशील तवा.”

चौथ्या दिवशी सकाळी तुझ्या ओठातून रक्त आलं, तेव्हा निम्मं इंजेक्शन दिलं. श्वास मोजत बसले. काही झालं नाही. कपाळावरच्या आठ्या गेल्या, तू पेज मागितलीस, पार्वतीवहिनीला हाक मारून तिची चेष्टा केलीस. अर्धाच दिवस मिळाला तुला असा. ओहोटी लागली तशी तू गेलीस. असे आणखी तीन दिवस मी तुला का दिले नाहीत? औषधानं दगा दिला नव्हता गं. माझी भीतीच मोठी झाली होती.

आणि आज ही डबी! आत कागदाच्या पुडीत पाच गोळ्या, वरचा दोरा कधीचा, तसाच बांधलेला. तीन दिवस तुझं डोकं या डबीवर होतं. हात नुसता उशीत घालायचा होता. तू घातला नाहीस. मी रोज तुझ्या बाहुल्या पाहत होते, त्या कधी बारीक झाल्या नाहीत, मला माहीत आहे. डबीबद्दल खोटं बोललीस, पण दिलेला शब्द मात्र पाळलास. माझ्या हातून मिळेल म्हणून वाट पाहत राहिलीस, आणि मी सिरिंज पुसून ठेवत होते.

रागाव ना एकदा! चार दिवस काय, चाळीस दिवस अबोला धर.

गोळ्या मी खाडीत टाकून आले. डबी ठेवून घेतली. परवा कामावर हजर झाले की ती माझ्या टेबलावर ठेवीन. बायका विचारतील, तेव्हा सांगेन, ही माझ्या आतेची, यात काय होतं ते असं असं. मग त्याही आपल्या घरातलं सांगतील, पोलिसाला न भिता. आणि ज्याला दोन्ही औषधं लागतील त्याला मी दोन्ही देईन. कमी मात्रेनं देईन, शेजारी बसून राहीन, श्वास मोजीन. पण माझ्या भीतीपायी कुणाला ओठ चावायला लावणार नाही. तुझा शब्द तू पाळलास. हा माझा.

तुझी,
यमू