डायनिंग टेबलावरची नोकरी

४ फेब्रुवारी

विचारलं एकदाचं! कंपनीत पगाराचं बघणाऱ्या पेरोलच्या बाईंना सरळ मेल टाकला — वडील आजारी आहेत म्हणून मी गेले काही महिने माहेरून, म्हणजे दुसऱ्या देशात बसून काम करते आहे. तर माझा कर नक्की कुठे भरायचा? तुम्ही तिकडे कापताय ते बरोबर आहे ना?

पाठवल्यावर हलकं वाटलं. इतके दिवस चोरासारखं वागत होते. मीटिंगमध्ये मिक्सर लागला की म्यूट. बाबांनी हाक मारली की 'एक मिनिट, दारात कोणीतरी आलंय.' मॅनेजरला माहीत आहे म्हणा. बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा तीच म्हणाली होती, 'जा तू, तिथून काम कर, मी बघते.' पण कागदावर काही नाही. मला असं अधांतरी राहणं जमत नाही. कराच्या बाबतीत तर नाहीच.

६ फेब्रुवारी

बाबांना अजूनही वाटतं की माझी नोकरी गेली.

किती वेळा सांगितलं! कुरियरवाल्यांना एखादं घर सापडलं नाही की तक्रार येते, मग मी नकाशात ते दार, ती गल्ली दुरुस्त करते, त्याचा मला पगार मिळतो. बाबा ऐकून घेतात. पण सगळा जन्म बसडेपोत मेकॅनिक म्हणून गेला त्यांचा. काम म्हणजे सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचं आणि संध्याकाळी काळे हात घेऊन परतायचं. मी तर दिवसभर गाऊनवर कार्डिगन घालून डायनिंग टेबलाशी बसलेली. आज पुन्हा विचारलं, अडखळत, एकेक शब्द जुळवत —

'आज... नाही गेलीस?'

'बाबा, मी कामच करतेय.'

'बरं,' म्हणाले. त्या 'बरं'मध्ये इतकी कीव होती की मला हसू आलं आणि रडूही.

९ फेब्रुवारी

पेरोलकडून उत्तर नाही. बाबांनी आज डाव्या हाताने स्वतः चहा प्यायला. शर्टावर सांडला, पण प्यायला.

११ फेब्रुवारी

हॉर्नकाका येऊन गेले. डेपोतले बाबांचे जुने दोस्त. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नाही, म्हणून हे नाव. ते आले तेव्हा मी मीटिंगमध्ये, कानात हेडफोन. तरी सगळं ऐकू आलं.

'अरे पोरीचं सांगितलं होतंस ना, टाकलाय शब्द! शाळेच्या ऑफिसात जागा आहे. पगार बेताचा आहे, पण बाईमाणसाला बरी!'

म्हणजे बाबांनी त्या बोबड्या जिभेने माझ्यासाठी नोकरीचं बोलणं केलं! स्वतःचं औषध मागायला ज्यांना इतका वेळ लागतो त्यांनी. समोरच्या स्क्रीनवर सहा जण माझ्याकडे बघत होते. मी कॅमेरा बंद केला.

काकांना नंतर जिन्यात गाठून सांगितलं, काका, मला नोकरी आहे. ते म्हणाले, 'असू दे गं, त्याला बोलायला विषय मिळाला. एरवी नुसता छताकडे बघत असतो.'

१३ फेब्रुवारी

मॅनेजरचा फोन. आवाज पडलेला.

'तू मला विचारायचंस ना. तोंडी.'

मी म्हटलं, कराचाच तर प्रश्न होता.

'लेखी विचारलंस. आता त्यांना लेखी उत्तर द्यावं लागणार. इतके दिवस कोणाला माहीत नव्हतं म्हणून चाललं होतं. आता कायद्याच्या माणसांपर्यंत गेलंय. माझ्या हातात काही राहिलं नाही.'

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला वाईट वाटत होतं, आणि ती स्वतःही अडचणीत आली आहे. मी आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि वर तिच्याही.

१७ फेब्रुवारी

कर सल्लागाराकडे जाऊन आले. चपलांच्या दुकानाच्या माळ्यावर एक खोली, फायलींच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत बसायचं. माणूस सज्जन. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'पगार कुठून येतो हे नंतर बघतात. काम करताना तुम्ही बसला होतात कुठे, हे आधी बघतात.'

'घरी बसले होते.'

'म्हणजे या देशात. म्हणजे इथला कर आला. आणि इथलं सरकार असंही म्हणू शकतं की तुमच्या कंपनीचं ऑफिस इथे आहे, मग कंपनीलाही इथला कर. कंपन्या खरं तर त्यालाच घाबरतात.'

'ऑफिस? डायनिंग टेबल आहे हो ते. एक पाय डुगडुगतो.'

'तो डुगडुगता पायसुद्धा ऑफिसच,' म्हणाले. हसले नाहीत.

मग माझ्या तिकडे राहण्याच्या परवान्याचं विचारलं. तो तिकडचा, काम तिकडे करण्यासाठी दिलेला. फार काळ बाहेर राहिलं की आपोआप रद्द. बिनपगारी रजा घेतली तर? दरमहा पगार जमा व्हायलाच हवा ही त्या परवान्याची अट. पगार थांबला की परवाना धोक्यात. भरपगारी रजा बाबा हॉस्पिटलात होते तेव्हाच संपली. फी घेतली नाही त्यांनी. मला वाटतं चेहरा बघून घेतली नाही.

२० फेब्रुवारी

उत्तर आलं. महिनाअखेरपर्यंत परत या आणि तिथून कामाला लागा, नाहीतर राजीनामा समजू. कराबाबत झालेल्या चुकीचं कंपनी बघून घेईल. शेवटी — आपण हा प्रश्न स्वतःहून विचारलात याबद्दल आभार.

आभार!

२१ फेब्रुवारी

नवरा तिकडेच आहे, त्याच्याशी बोलले. तो पहाटे बेकरीत जातो, दुपारी घरी येतो, तेव्हा पिठाच्या केसांनीच फोनवर असतो. त्याचा परवाना माझ्या परवान्याला लटकलेला. माझा गेला की त्याचाही गेला. तिकडे गेल्यावर पहिली दोन वर्षं तो नुसता घरात बसून होता, कोणी उभं करत नव्हतं. कोमेजून गेला होता माझा माणूस. आता बेकरीचा मालक म्हणतोय, उन्हाळ्यापासून भट्टी तू सांभाळ. भट्टीचं सांगताना लहान मुलासारखा बोलतो.

आज म्हणाला, 'तू राहा. बाबा एकदाच असतात.'

मी म्हटलं, आणि तुझी भट्टी?

मग म्हणाला, 'ये म्हणालो तर जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडशील. राहा म्हणालो तर मी तुझ्या नावाने मोडीन. मला विचारू नकोस ना.'

इतका खरा माणूस आहे. म्हणून तर त्याला खड्ड्यात ढकलवत नाही.

२३ फेब्रुवारी

दादाला सांगितलं. जेवता जेवता. त्याने ताट बाजूला सारलं नाही, आवाज चढवला नाही. 'तुझं बरं आहे, तुला जायला जागा आहे,' एवढंच म्हणाला आणि जेवत राहिला. मला ते फार लागलं. खरं आहे म्हणूनच लागलं. रात्रंदिवस उठवणं, बसवणं, पुसणं तो आणि वहिनी करतात. मी काय करत होते? शेजारच्या खोलीत होते. हाक मारली की ओ देत होते. पण बाबांना माझं तेवढंच हवं असायचं.

डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, वर्ष काढतील, नाहीतर दुसरा झटका उद्याही येईल. सांगता येत नाही. मग मी ठरवायचं कशाच्या जोरावर?

२४ फेब्रुवारी

तिकीट काढलं. मी जाते आहे. लिहिताना स्वतःची किळस येते.

२६ फेब्रुवारी

बाबांना कसं सांगायचं, या विचाराने दोन दिवस त्यांच्या खोलीत धड बसले नाही. आज वहिनी भांडी पुसता पुसता म्हणाली, 'नोकरी लागली म्हणा ना त्यांना. खोटं कुठे आहे? तिकडे जाऊन कामच करणार आहात.'

मी गेले. बाबा खिडकीशी, उशांना टेकून बसलेले. म्हटलं, 'बाबा, नोकरी लागली. जावं लागेल.'

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग अर्धा चेहरा हसला, जो हसू शकतो तो. डोळ्यांतून पाणी. डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि सोडेनातच. 'कुठे?' म्हणाले. मी सांगितलं. 'लांब,' म्हणाले. मग लगेच, 'चालेल. चालेल. नोकरी आहे.' दादाला हाक मारायला लावून त्यालाही सांगितलं. दादा दारात उभा. मला वाटलं, आता हा खरं बोलणार. तो म्हणाला, 'हो बाबा, मोठी कंपनी आहे.'

आजारपणात इतके खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं. आणि मी त्यांना सोडून चालले होते म्हणून ते खूश होते. हे मी कोणाजवळ बोलू?

२८ फेब्रुवारी

निघाले. बाबांनी आज दाढी करून घेतली, मला निरोप द्यायचा म्हणून. हॉर्नकाकाही आले होते. बाबा त्यांना म्हणत होते, शाळेत नाही म्हणून सांग. तिला... चांगली मिळाली. काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पहिल्यांदाच हळू बोलले, 'सांगतो रे.'

विमानतळावर गणवेशातल्या माणसाने विचारलं, कशासाठी जाताय? कामासाठी म्हटलं. शिक्का मारला.

६ मार्च

पुन्हा इथे. तोच लॅपटॉप, तेच हेडफोन, त्याच तक्रारी. आज एका म्हातारीचं घर नकाशावर कालव्यात पडलं होतं ते काठावर आणलं. ऑफिसात जावं म्हणून गेले, तर मजला रिकामा. मॅनेजर स्वतः घरून काम करते, पेरोलच्या बाईही. चार खुर्च्यांवर कोणीतरी झाडांच्या कुंड्या ठेवल्यात. परत आले आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. टेबल बदललं, एवढंच झालं. आणि शेजारच्या खोलीत कोणी नाही.

नवरा पाव घेऊन आला. ऊन ऊन होता. खाल्ला. चांगला होता. त्याला तसं सांगितलंही.

११ मार्च

आज दोनदा 'ओ' दिली. कोणी हाक मारली नव्हती.

१५ मार्च

दादाने व्हिडिओ कॉल लावून दिला. मी मुद्दाम बाहेरचा कोट घातला, केस बांधले, भिंतीपाशी उभी राहिले. बाबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

'साहेब... बरा आहे?'

'बरा आहे, बाबा.'

'पगार वेळेवर?'

'वेळेवर.'

मान हलवली. वहिनी म्हणाली, येईल त्याला सांगत असतात, लेक कामाला गेलीय. दूधवाल्यालासुद्धा. मी कोट न काढताच बराच वेळ बसून राहिले.

१९ मार्च

बाबा गेले. सकाळी. दुसरा झटका. दादाचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते आणि तो कट केला. दुसऱ्यांदा आला तेव्हा उचलला.

मॅनेजरला दोन ओळी लिहिल्या, जाते आहे म्हणून. तिने त्या पुढे पाठवल्या असणार, पंधरा मिनिटांत पेरोलच्या बाईंचं उत्तर आलं. आपल्या दुःखात सहभागी आहोत. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू झाल्यास कर्मचाऱ्याला दोन आठवडे परदेशातून काम करण्याची परवानगी आहे, एवढ्या मुदतीत कराची किंवा परवान्याची अडचण येत नाही. आजारपणासाठी तशी तरतूद नव्हती. लॅपटॉप सोबत नेण्यास हरकत नाही.