विहीणबाईंचं तयार पीठ

११ मे, सोमवार

विहीणबाई आल्या, अहल्याबाई. हुबळीहून, सकाळच्या गाडीनं. पवित्रानं आईसाठी सुट्टी काढली. गेल्या वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सूनबाईंना सुट्टी नव्हती, मीटिंग होती. असू दे. मी काही म्हणत नाही.

भव्या दारातच नाचायला लागली – हुबळी आज्जी, हुबळी आज्जी. आणि मी चिकपेट आज्जी! चिकपेटातलं जुनं घर सोडून सात वर्षं झाली, बेळ्ळंदूरच्या ह्या नवव्या मजल्यावर कबुतरं हाकत बसले आहे, तरी नातीला मी चिकपेट आज्जीच. पण ती हाक मारते तेव्हा मला बरं वाटतं, खोटं कशाला लिहू. त्या पोरीनं मला दगड म्हटलं तरी बरं वाटेल.

मी सकाळी उठून पुरणाचे कडबू केले होते. अहल्याबाईंनी एक खाल्ला. एकच. "गोड कमी केलंय हो, रत्नाक्का." साखर आहे का विचारलं तर नाही. मग कमी कशाला केलंय?

१२ मे

आज डोकंच फिरलं.

अहल्याबाई खालच्या दुकानात जाऊन एक डबा घेऊन आल्या. आत तयार पीठ, चौकोनी पत्रे असतात तसं, दगडासारखं गारठलेलं. पफ शीट म्हणतात. मळायचं नाही, लाटायचं नाही. जरा मऊ झालं की कापायचं, फळ ठेवायचं, दुमडायचं, ओव्हनमध्ये ढकलायचं. झालं. ह्याला स्वैपाक म्हणायचं!

मी सून होऊन आले तेव्हा घरात अकरा माणसं. सासूबाई कणकेत बोट खुपसून बघायच्या, बोट कोरडं निघालं तर परत मळ म्हणायच्या. प्रतापराव (यजमानांचं नाव बाईनं लिहू नये म्हणतात, पण ते जाऊन नऊ वर्षं झाली, आणि ही वही वाचणार कोण, घरात माझ्याशिवाय कोणाला मराठी वाचता येत नाही) – तर प्रतापराव पोळी उचलून उजेडाला धरायचे, पदर सुटलेत का बघायला. आणि ह्या बाई डबा फोडून म्हणतात, "आज मी करते हं सगळ्यांसाठी." काय केलंत बाई तुम्ही? मशीननं केलं.

रसपुरी आंबा बारीक चिरला, साखर, वेलची. चौकोनावर ठेवून तिकोनी दुमडलं, कडा काट्यानं दाबल्या, वरून दूध फिरवलं. वीस मिनिटं.

ओव्हनच्या काचेतून भव्या बघत होती, म्हणून मीही स्टूल घेऊन बसले. आधी काही नाही. मग कडेनं एकेक पान सुटायला लागलं. एकावर एक, एकावर एक, वर चढत गेलं, पुस्तक वाऱ्यानं उघडावं तसं. मी भव्याचा हात धरला होता, ती म्हणाली, "आज्जी, दुखतंय."

खाल्ला. कसा झालाय विचारलं अहल्याबाईंनी. बरा आहे, म्हटलं. नंतर दोन आणखी खाल्ले, धुण्याच्या मशीनजवळ उभी राहून.

१३ मे

आज अननसाचे. मी हात लावला नाही. (एक खाल्ला.)

१५ मे, शुक्रवार

राग मावत नाही म्हणून लिहायला बसले.

चोवीस तारखेला भव्याचा वाढदिवस. दहा पुरे होतील. बारशापासून दरवर्षी त्या दिवशी पुरणाची होळिगे, आपली पुरणपोळी, मी करते, माझ्या हातानं. पहिल्या वाढदिवसाला तिला दातही धड नव्हते, नुसतं पुरण चाटलं होतं. आज मी डाळ आणायला सांगितली तर पोरगी गळ्यात पडून म्हणते, "आज्जी, ह्या वेळी होळिगे बेड, नको प्लीज. फ्रेंड्स येणार. हुबळी आज्जी मँगो पफ करणार."

तिच्यावर रागावता येत नाही. मिठी मारून बोलते ना.

गिरीराजला विचारलं. तो फोनमधून मान वर न काढता, "आई, तुला आराम नको का?" आराम! बाईला चुलीपासून उठवायचं असलं की सगळे आरामाचं नाव काढतात. माझ्या सासूबाईंना मीच असं म्हटलं होतं, तेही आठवलं. त्याचा अजून राग आला.

एवढं एकच तर राहिलंय माझं ह्या घरात. रोजचा स्वैपाक करायला बाई येते, भांडी मशीन घासतं, भाजी फोनवर येते. वर्षातून एक दिवस मी ओट्यासमोर उभी राहते आणि सगळे बाजूला होतात. तोही गेला.

१८ मे, सोमवार

आज बोलून घेतलं. समोरच्या प्रतिमाबाई आल्या होत्या, चहा चालला होता. मी भिंतीकडे बघत म्हटलं, "आमच्यात काय, आई लेकीच्या घरी पाण्याचा घोटसुद्धा घ्यायची नाही. राहणं तर लांबच."

प्रतिमाबाई कपात बघायला लागल्या.

अहल्याबाई हसल्या. "खरं आहे, रत्नाक्का. आमच्यातही तसंच. सत्तावीसला निघतेय मी." आणि कप उचलून आत गेल्या, माझाही.

जिंकले म्हणायचं. पण संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत, पोट जड आहे म्हणाल्या. मला मेलं दिवसभर काही गोड लागलं नाही.

२० मे

अहल्याबाई नातीला शिकवत होत्या – हे पीठ गार राहिलं पाहिजे, आतलं लोणी वितळलं की पदर गेले. म्हणून आधी हात बर्फाच्या पाण्यात बुडवायचे. भव्यानं बुडवले, किंचाळली, हसली. मी म्हटलं, मीही करून बघते एक. तर माझा हात हातात घेऊन म्हणतात, "अय्यो, तुमचे हात केवढे गरम! तुम्ही नको, बिघडेल."

माझे हात गरम! माझी आई म्हणायची, रत्नीचे हात ऊबदार, हिच्या पोळ्या दुसऱ्या दिवशीही मऊ. चिकपेटात आमच्या गल्लीत कोणाकडे कार्य असलं की मला कणीक भिजवायला बोलवायचे. आता तेच हात बिघडवतात!

म्हातारपणी माणसाचे गुणही खराब होतात की काय.

२३ मे, शनिवार

सगळे फुगे आणि कागदी टोप्या आणायला गेलेत. घरात मी एकटी. दही काढायला फ्रीज उघडला तर मोठ्या ताटात पिठाचे पत्रे, मऊ पडलेले, वर नुसतं पातळ फडकं. सकाळसाठी वरच्या बर्फातून खाली आणून ठेवलेत.

आजपर्यंत ते डब्यात बंद असायचं, विटेसारखं कडक, ते पीठ आहे असं कधी वाटलंच नाही. आज बघितलं आणि दही काढायचं विसरलेच. भिजवलेलं पीठ कोणी रात्रभर असं ठेवतं? आई सांगायची, ठेवायचंच झालं तर त्यात चार बोटं उमटवायची. नाहीतर तो पिंड होतो, गेलेली माणसं दारात येतात खायला. आमच्या घरी ह्यात कधी चूक झाली नाही. आणि उद्या लेकराचा वाढदिवस!

उमटवली. प्रत्येक पत्र्यावर, तीन-तीन जागी, चांगली खोल. कुलदेवीचं नाव घेतलं. फडकं परत घातलं.

दोन आठवड्यांत पहिल्यांदा मन शांत आहे. होळिगे नाही तर नाही, पोरीचं एवढं तरी केलं.

२४ मे, रविवार

रागानं लिहितेय, अक्षर वाकडं येतंय.

सकाळी पवित्रानं ताट काढलं आणि ओरडलीच. "हे कोणी केलं?" मी सांगितलं, मी. का ते सांगायला तोंड उघडलं, तोवर ती, "अत्ते, मुद्दाम केलंत ना? होळिगे नको म्हटलं म्हणून?"

मुद्दाम! मी! नातीच्या वाढदिवसाचं पीठ!

म्हटलं, रात्रभर ठेवलेल्या पिठाचा पिंड होतो, तुझ्या लेकीच्या वाढदिवसाला घरात पिंड ठेवतेस? तर म्हणते, "फ्रीज आहे अत्ते तो, श्मशान नाही." गिरीराज तिथंच उभा होता. एक शब्द नाही. माझा मुलगा! भव्या रडत होती, आणि विचारत होती, आज्जी, तू का केलंस? त्या वेळी नवव्या मजल्यावरून खाली उतरून चालत चिकपेटला जावं वाटलं. जाणार कुठं, तिथं आता कापडाचं गोडाऊन आहे.

अहल्याबाई न्हाणीतून आल्या, ओले केस तसेच. ताटाजवळ गेल्या. आपली चार बोटं माझ्या ठशांत घालून बघितली. मग पवित्राला म्हणाल्या, "माझी आईपण करायची असंच. तुला कधी सांगितलं नाही मी, माझी चूक. झाकायच्या आधी मीच उमटवायला पाहिजे होतं. अत्तेंची माफी माग."

आणि माझा राग दुप्पट! माझी बाजू घ्यायला पोटचा मुलगा नाही, आणि ही बाई!

मग त्यांनी पीठ पुन्हा बर्फात घातलं, स्वल्प घट्ट होऊ दिलं, आणि सुरी घेतली. प्रत्येक ठसा मधोमध येईल असे चौकोन कापले. "बघा रत्नाक्का, मध्ये दाबलेलं असलं की तिथं फुगत नाही. कडा तेवढ्या वर येतात, मध्ये वाटीसारखं होतं. आंबा कुठं पळत नाही. बेकरीवाले मुद्दाम दाबतात." माझं समाधान करायला सांगत असतील असं वाटलं. पण ओव्हनमध्ये खरंच कडा उभ्या राहिल्या आणि आंबा मधोमध बसला, पिवळाधमक. दोन-चार वेडेवाकडे झाले, एक पार कलंडला. उरलेल्या पट्ट्यांना पीळ घालून वर साखर टाकली, पोरं त्यावरच तुटून पडली.

भव्या मैत्रिणीला सांगत होती, "हे होल माझ्या चिकपेट आज्जीनं केलेत. स्वतःच्या बोटांनी." ती मैत्रीण, हर्षिता, म्हणाली, "वॉव."

पवित्रानं माफी मागितली. मी सरी म्हटलं, ठीक आहे. गिरीराजशी बोलत नाही.

२५ मे, सोमवार

हे लिहावं की नको.

दुपारी घरात आम्ही दोघीच. ओव्हनच्या काळ्या पडलेल्या ताटल्या घासत होतो, ते त्या मशीनमध्ये निघत नाही. अहल्याबाई नळाकडे बघत म्हणाल्या, "तुम्हाला सांगते, पवित्राला सांगू नका. हुबळीचं घर शिवकुमारनं विकलं."

शिवकुमार त्यांचा मुलगा. बायकोच्या माहेरी सोलापूरला गेला, तिथं धंदा काढतोय. आईला म्हणाला, थोडे दिवस अक्काकडे, म्हणजे पवित्राकडे, राहा, मग बघू. मग म्हणजे कधी ते सांगितलं नाही.

"मग सत्तावीसला कुठं जाताय?"

"धारवाडला एक खोली बघितली आहे. वरच्या मजल्यावर आहे, पण हवा चांगली."

एकाहत्तरीची बाई. गुडघ्याला पट्टा बांधते. वरच्या मजल्यावर!

मी म्हटलं, लेकीला सांगा, ती काय हाकलणार आहे? तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आई लेकीच्या घरी राहत नाही, रत्नाक्का. तुम्ही बरोबरच बोललात." टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलटं बोलले असते. आता काय बोलू?

त्या शिवकुमारला समोर उभा करून लाटण्यानं बडवला असता.

शपथ घातली त्यांनी. मी सरी म्हटलं, नाही सांगत. आणि एक गोष्ट इथं लिहून ठेवते, दुसरीकडे कुठं लिहिणार – नाही सांगितलं तर ते माझ्या सोयीचंच आहे. सांगितलं की ह्या कायमच्या राहणार. ओटा त्यांचा, ओव्हन त्यांचा, भव्या अर्धी त्यांची. पुढच्या वर्षी होळिगेचं नावही कोणी काढणार नाही.

२६ मे

अजून सांगितलं नाही. बॅगा भरून दाराशी ठेवल्यात. भव्यासाठी फ्रीजमध्ये दोन डबे पफ करून ठेवलेत, त्यावर तारीख लिहिली आहे.

पवित्रा म्हणाली, "अम्मा, दिवाळीला परत ये हं." अहल्याबाई म्हणाल्या, बघू.

राग येतोय. कोणाचा ते कळत नाही. दोनदा पोळी करपवली, दोन्ही वेळा स्वैपाकाच्या बाईवर ओरडले.

२७ मे, बुधवार

सकाळी सात वाजता, टॅक्सी खाली येऊन उभी असताना, पवित्राला सांगून टाकलं. पवित्रा चप्पल घालता घालता जमिनीवरच बसली. अहल्याबाई माझ्यावर भडकल्या. शपथ मोडलीत, रत्नाक्का, तुमच्यावर विश्वास ठेवला मी, पुन्हा तुमचं तोंड बघणार नाही. म्हटलं, नका बघू. आजपासून माझ्याच खोलीत झोपायचंय, भिंतीकडे तोंड करून झोपा. कॉट मागवली आहे, चार वाजता येणार आहे. खिडकीकडची बाजू मात्र मी सोडणार नाही, हेही आत्ताच सांगितलं.