पायाखाली जमीन नव्हती तवा

आईले रिनाचा गोव्याहून मनापासून जयभीम.

काल समुद्रात पोहून, सायकल चालवून अन् शेवटी धावून शर्यत पुरी केली. काई लागलं नाई, जेवली पण पोटभर. बाबाचे गुडघे कसे आहेत?

समुद्रात पायाखाली जमीन लागेना, तवा मात्र जीव घाबरला. राखणीच्या होडीतली बाई म्हणाली, "होडी धर. घाई नाही, आधी श्वास घे." मी होडी धरून श्वास घेतला, मग उताणी होऊन तरंगत राह्यली. हळूहळू लाटा आवडू लागल्या अन् पुढे हसतच पोहली.

लहानपणी मी वैनगंगेत बुडत होती, तवा पोहता येत नसताना तू उडी मारली. तुले किती भेव वाटलं असन, ते काल समजलं. त्या भेवानं अजून नदीवर जात नाई ना तू?

सुट्टीत मी घरी आली का तुले तरंगणं शिकवीन. हात सोडणार नाई.

तुयी,
रिना