तळणीच्या तंबूत

८ जुलै १९१८
पाऊस. तंबू तीन ठिकाणी गळतोय. मी आणि कॅप्टन ॲग्नेस, दोघींनी मिळून आज दोन हजारांवर डोनट तळले. लाटणं नाही, म्हणून वाइनच्या रिकाम्या बाटलीने लाटतो — मुक्तिफौजेच्या मिशनरी बायका आणि हातात दारूची बाटली! बाबांनी बघितलं असतं तर बोलणंच टाकलं असतं. पण बाबा मार्चमध्येच गेले.

९ जुलै
सार्जंट डोअर्टी रसद पोचवायला जाता जाता सांगून गेला: एमेटची पलटण परवा याच गावात विश्रांतीला येतेय. माझ्या हातून पीठ सांडलं.

एमेट, माझा धाकटा भाऊ. दारूपायी बाबांनी त्याला घराबाहेर काढलं, तो तडक सैन्यात गेला. बाबा जाताना त्याचंच नाव घेत होते. मी बोटीवर चढताना आई म्हणाली, "कागदावर कळवू नकोस गं. समोर बसवून सांग." कुणापाशी कबूल करणार नाही, पण फ्रान्सला आले ती देवाच्या कामासाठी कमी, या निरोपासाठी जास्त.

११ जुलै
पलटण आली. रांग पार चर्चपलीकडे. डोनट, कॉफी, "पुढचा!" सकाळी सहापासून हेच. चरबीच्या धुराने डोळे चुरचुरतात. कढईवरून मान वर केली की घाणा करपतो, म्हणून मी फक्त पुढे आलेले हात बघते.

एकजण म्हणाला, "सिस्टर, लढाई संपली की तुमच्या डोनटच्या नावाने वर्षाला एक सण करू." कॅप्टन म्हणाली, "सण नंतर. आधी हात धुऊन ये."

एमेट आला नाही.

१२ जुलै
आजही नाही. पाय सुजलेत.

१३ जुलै
पलटण पहाटे आघाडीवर गेली. डोअर्टीला विचारलं, तर म्हणतो, "एमेट? अहो, तुमच्याच हातचा डोनट नेला की त्याने. परवाही, कालही."

"मी काय म्हणाले त्याला?"

"सगळ्यांना म्हणता तेच. पुढचा."

माझ्या भावाला! दोनदा! एवढी कसली मेली दमले होते मी?

१४ जुलै
शेवटी कागदावरच लिहिलं. आई, माफ कर. पत्र डोअर्टीकडे दिलं.

१६ जुलै
कॅप्टन रागावली. मी आता एकेकाचं तोंड बघत बसते, रांग हलत नाही. "लेटी, त्यांना डोनट हवाय. ओळख परेड नकोय." बरोबर आहे तिचं. तरी बघते.

१९ जुलै
काल पहाटेपासून तोफा थांबलेल्या नाहीत. जखमींच्या गाड्या समोरूनच जातात. डोअर्टी म्हणतो, पलटण जागेवर नाही, पत्र खिशातच आहे. भीती वाटते. तळायचा कंटाळा आलाय. तळते.

२३ जुलै
इस्पितळातून एमेटची चिठ्ठी. डावा हात गेला, उजव्याने लिहिलंय.

"ताई, बाबांचं आईने एप्रिलमध्येच कळवलं. तिला राहवलं नाही. तू ते सांगायला बसली असतीस तर मी ढसाढसा रडलो असतो, आणि दोनच दिवसांत मला आघाडीवर जायचं होतं. म्हणून टोपी डोळ्यांवर ओढून रांगेत उभा राहिलो. दोन्ही दिवस. तुला बघायला."