उजव्या कानातला कौल

लालबाग, शनिवार

चि. सौ. नलू हिला गंगूताईचा पोटभर आशीर्वाद. गिरगावात सगळी बरी ना, जावईबापूंचं पित्त बसलं का ते कळव. (आलं देऊ नको, त्याने वाढतं.) तू म्हणशील, घरात फोन असून ताई पत्र का लिहिते. तर बाई, माझा फोन हल्ली तुझ्या भावोजींच्या कानात वाजतो.

झालं असं. नात पूर्वीने मला बिनवायरचं कानातलं आणलं, शेंगदाण्याएवढे दोन मणी. तुझे रेकॉर्ड केलेले निरोप त्यातनं ऐकायचे म्हणे. तुझ्या भावोजींना वाटलं ऐकायचं यंत्र आलं, म्हणून उजवा मणी कानात घालून ते गॅलरीत जाऊन बसले. मला पत्ता नाही. इकडे मी तुझा निरोप लावते तर चिडीचूप. परत लावला, परत चिडीचूप. (बोंबील तव्यावर, फोन तेलाने माखला, तरी लावतेच आहे.) फोन सारखा काहीतरी विचारतो त्याला काय सांगू, असं मी तुला विचारलेलं ना, त्यावर तू बोललेलीस, "घाबरायचं नाही. डोळे मिटून हो म्हणायचं. मी आहे पाठीशी." ते सगळं गेलं ह्यांच्या कानात.

आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनला हे वर्षभर नाही म्हणतायत, तुला ठाऊकच. गावच्या सातेरी देवीने कौल दिला तरच करणार, आणि गावाला जायला दिसतंय कुठे. (परवा शेजारच्या रखमाच्या पिशवीला मांजर समजून दूध ठेवलं. वर पिशवीलाच म्हणतात, "पी गो, लाजतंस कित्याक?") तर हे डोळे पुसत आत आले. "गंगू, देवी बोलली गो. उजव्या कानात बोलली, म्हणजे उजवोच कौल." देवळात कळी उजवीकडे पडली की देवीचा होकार, तसं हे. ह्यांच्या कानात मणी दिसला तेव्हा मला उलगडा झाला, पण मी आपली बोंबील उलटत राहिले. लगेच बुधवारची तारीख घेतली. मला इतका आनंद झाला की ते बोंबील मी चाळभर वाटले आणि आम्ही दोघं लोणच्याशी भात जेवलो.

तुझी,
गंगूताई

ता.क. खरं काम हे. आज हे परत नको-नको करायला लागलेत. मंगळवारी आणखी एक निरोप पाठव. जरा देवीसारखी बोल, मागे कुकरची शिट्टी नको. जमलं तर तंबाखू सोडायचंही सुचव.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवत होते तर हे हळूच म्हणतात, "देवीक सांग, गिरगावातसून बस वेळार मिळत नाय. बुधवारी लवकर निघ." म्हणजे बघ. तरी तू निरोप पाठवच. उजवा मणी घालून आत्तापासून बसलेत.