पेपर रद्द करू नये

मी, प्रयाग रखमाजी डुंबरे, वय चौऱ्याहत्तर, बी.एस्सी. (गणित), निवृत्त शिक्षिका, अविवाहित, राहणार जुन्नर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरीही माझा पुतण्या स्वराज याला माझ्या डोक्याविषयी शंका असल्यास ती त्याने मी हयात असतानाच काढावी. दोघे शेजारी बसून सीईटीचा गणिताचा पेपर सोडवू.

१. जुन्नरचे घर मी माझ्या पगारातून बांधले. ते मी माझी विद्यार्थिनी मनाल मोहसीन आतार हिला देत आहे. पुढच्या खोलीतला सीईटीचा वर्ग आता तीच चालवते. स्वराजचा मंचरला क्लास आहे. दुसऱ्या शाखेसाठी त्याला ही खोली हवी आहे. "आत्या, नाव तुमचंच राहील, पण घर घरात राहू दे," असे तो म्हणाला. नाव मी सोबत नेणार आहे. आतारांच्या मुलीला घर दिले म्हणून भावकी जे बोलेल, ते माझे ऐकून झाले आहे.

२. मनालसाठी अटी. दहावीचे गुण विचारून प्रवेश देऊ नये. हुशार मुले निवडून घ्यायची आणि निकालानंतर चौकात त्यांचे फ्लेक्स लावायचे, याला स्वराज शिकवणे म्हणतो. मी म्हणत नाही. माझाही फोटो लावू नये. घाटघरसारख्या लांबच्या डोंगरी गावांतल्या मुलींना बारावीनंतर सीईटी होईपर्यंत माडीवर राहू द्यावे. त्यांच्या जेवणाचा खर्च माझ्या ठेवींच्या व्याजातून व्हावा.

३. बारावी संपून सीईटी व्हायची असते, नेमका तेव्हाच कांदा निघतो आणि लग्ने निघतात. मुली तिथेच गळतात. निमगाव सावाचे कुंडलिक गाडगे असेच आपल्या आरतीला न्यायला दारात उभे राहिले. "बाई, माणूस मिळंना. कांदा रानात सडंल. परीक्षा काय, पुढल्या वर्षीबी हाय." मी म्हणाले, पोरगी पेपर सोडवते आहे, माणूस म्हणून मी येते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या रानात होते. ते बांधावरून मला परत जा म्हणत राहिले. मी गेले नाही. आरती इंजिनिअर झाली. मी कांद्याच्या माना आखूड कापल्या म्हणून साठवणीच्या चाळीतला कांदा सडला, ही त्यांची तक्रार मात्र अजून मिटलेली नाही.

४. वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा स्वराजला. भिंतीवरचे घड्याळही त्यालाच. माझ्या वर्गात तो कधी वेळेवर आला नाही. फळा आणि मोठा लाकडी कंपास घराबरोबर राहतील.

५. दशक्रिया, तेरावे करू नये. सराव परीक्षेच्या दिवशी माझा मृत्यू झाल्यास मला मागच्या खोलीत ठेवावे. पेपर रद्द करू नये. ज्यांना रडायचे आहे त्यांनी पेपर गोळा झाल्यावर रडावे.

हे सर्व मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले. सही करण्याआधी कुंडलिकराव म्हणाले, "बाई, तुमच्या माघारी कुणाचा बाप पोरीला न्यायला आला, तर त्याचा कांदा काढाय मी जाईन. आन् माना नीट कापीन."

तेही इथे लिहून घेतले आहे, आणि त्याखाली त्यांची सही घेतली आहे.

ठिकाण: जुन्नर
दिनांक: ८ डिसेंबर २०२५

प्रयाग रखमाजी डुंबरे (सही)

साक्षीदार:
डॉ. अमजद मोमीन, जुन्नर (सही)
कुंडलिक गाडगे, निमगाव सावा (सही)